एकतिसावा आठवडा

कुर्ल्याला, एलबीएस रोडवर, मुकादमचाचांच्या दुकानात
टायरांच्या चळतीवर बसायची मुभा
फक्त मांजराला.
मी उभी.

चाचा उकिडवे बसून
रुपयाचं नाणं पुढच्या टायरच्या खाचेत घालतात.
"बघा ताई, अख्खा दिसतो हा रुपया.
लपायला हवा होता."

काल रात्री विश्रामचा निरोप आला, हॅम्बर्गच्या धक्क्यावरून :
इथं थंडीत हिवाळी टायर नसतील तर पावती फाडतात.
तूही बघून घे, थंडीच्या आत.
मी पंखा तीनवरून दोनवर आणला
आणि लिहिलं : आली थंडी.

चाचा तीन टायर भिंतीला टेकवून उभे करतात,
स्थळं दाखवावीत तसे.
पहिला मऊ, अबोल, पण लवकर झिजणारा.
दुसरा दगडधोंड्यांतला, रांगडा, डिझेल जास्त पिणारा.
तिसऱ्याबद्दल ते काही बोलत नाहीत,
नुसतं थोपटतात.

"जाणार कुठं?"
आजऱ्याला, नणंदेकडे. येताना आंबोली उतरून मालवण.
"म्हणजे पहाटे घाटात दव.
पाऊस निदान दिसतो तरी."
आणि त्यांनी रांगड्याला
भिंतीकडे तोंड करून उभा केला.

"चालवणार कोण?"
बघू, म्हटलं.

मग गाडीच्या पोटाखालून
साखळीनं स्टेपनी खाली आली.
कोरी. रबराची बारीक लव अंगावर तशीच,
सात वर्षांत एक खडा लागलेला नाही.
चाचांनी बोटानं कडेची धूळ पुसली.
चार आकडे : ३११८.
"अठरा सालचा एकतिसावा आठवडा. हाही गेला."
पण हा तर कधी चाललाच नाही, चाचा.
"रबर आहे ताई. टांगून ठेवलं तरी वाळतं."
मुळाशी केसाएवढ्या भेगा होत्या,
सांगेपर्यंत मला दिसल्या नव्हत्या.

अठराचा एकतिसावा आठवडा.
म्हणजे जुलै संपून ऑगस्ट लागतानाचा.
त्याच आठवड्यात वडाळ्याच्या आरटीओत
मी आठचा आकडा काढून दाखवला होता,
एकदाही पाय न टेकता, असं शाल्मलीला सांगते मी
आणि ती हसते, कारण ते स्कूटरवाल्यांचं असतं.
बरं. पण पास झाले होते.
दसऱ्याला गाडी आली. बॉनेटवर झेंडू.
"आज राहू दे, गर्दी आहे," म्हणाला विश्राम.
मग डीमार्ट. शाल्मलीचा क्लास.
एकदा रात्री दोनला सायन हॉस्पिटल.
तो बोटीवर असला की सोसायटीत रिव्हर्स, बॅटरी उतरू नये म्हणून.
लांबच्या वाटेवर मी डावीकडे,
टोलचे सुटे पैसे मुठीत धरून.
पुढं फास्टॅग आला,
तेही काम गेलं.

"चारच घ्या," चाचा म्हणाले, "पाचवा कोण बदलत नाय.
मागचा एक त्यातल्या त्यात बरा आहे, तो टांगतो."
पाच, म्हटलं.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, मग पोराला हाक मारली,
"जुबेर, पाच काढ. तिसरेवाले."

रिम फिरत होती, शिशाचे तुकडे चिकटत होते
इथं दहा ग्रॅम, तिथं पाच.
"गाडी कुठं ओढते?"
डावीकडे, मी पटकन म्हणाले.
माझ्या तळव्यांना ते कधीपासून माहीत होतं
कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

बिलावर जुन्या टायरांचे पाचशे-पाचशे वजा,
स्टेपनीचेही पाचशेच.
मांजर तिच्यावर जाऊन बसलं होतं.

"पहिले दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक नको.
नव्या रबराला तेलकटपणा असतो, तो झिजू द्या.
आधी इथंच फिरवा शहरात."

घर डावीकडे होतं.
मी घाटकोपरवरून हायवेला लागले.
विक्रोळी, कांजूर, मुलुंडचा नाका,
गाडी कुठंच ओढत नव्हती.
खिडकी खाली केली तर थोडं गार लागलं, खरंच,
खाडीवरून येत असावं.

ठाण्याच्या पुढं पंपावर थांबून टायर पाहिले.
चौघांचीही लव निम्मी गळली होती.
विश्रामला लिहिलं :
घेतले टायर. हिवाळीच.